मंगळवारची विनंती

सोमवार, ५ तारीख

मुंगे,

हे पत्र तूच वाच. तुझ्या मावसबहिणीला वाचायला देऊ नकोस. तिने मला तुझा पत्ता दिला हे खरं, पण पत्ता दिला म्हणून आतलं ऐकायचा हक्क मिळत नाही. अक्षर मोठं काढलंय. दोन ओळींत बोटभर जागा सोडलीय. एका पानात सातच ओळी बसतात, त्यामुळे पाकीट उशीसारखं फुगणार. सगळ्यात मोठं पाकीट मागितलं तर पोस्टातली बाई म्हणाली, "आजी, आत काय भरणार एवढं?" म्हटलं, "सुनेची उणीदुणी. निम्मी तरीही घरीच उरतील." ती खूप हसली. कुणी हसलं की मला दिवसभर बरं वाटतं, तुला माहीतच आहे.

दुकान चालू आहे. चालू म्हणजे काय, लोक कपडे आणून टाकतात, मी इस्त्री करते आणि ज्याचे त्याला सोडून दुसऱ्यालाच देते. तू कपड्यांना नावाच्या चिठ्ठीऐवजी रंगीत दोरे बांधायचीस ना, त्याचं गणित मला अजून सुटत नाही. हिरवा दोरा म्हणजे दातांचा डॉक्टर, एवढं ठाऊक होतं. पण हिरवा दोरा आणि दोन गाठी म्हणजे कोण? मला वाटलं, डॉक्टरची बायको. तर ती निघाली कोपऱ्यावरच्या हवालदाराची पँट. डॉक्टरीणबाई ती पँट चिमटीत धरून उभ्या राहिल्या. "ही माझी असेल असं तुम्हाला वाटलंच कसं?" म्हटलं, "बाई, तुमच्या घरात पँट कोण घालतं ते मला काय माहीत!" गेल्या तणतणत. तू असतीस तर टेबलाखाली तोंड लपवून हसली असतीस.

लोक विचारतात, सून कुठे गेली? मी सांगते, मावसबहिणीचं ऑपरेशन आहे. पंधरवडा झाला, ऑपरेशन काही संपत नाही. आता लोकांना वाटायला लागलंय की डॉक्टरच बरा नाही.

भोंग्याचा कोट अजून खुंटीवर आहे. पंपघरावर जाताना घालायचा तो. मी काढला नाही. तूही काढला नव्हतास. त्याचं 'भोंग्या' हे नाव मीच ठेवलं होतं, जन्मल्या जन्मल्या असा आवाज काढला होता की शेजारची बाई झाडू घेऊन पळत आली. एवढा आवाज देऊन देवाने शेवटी गळाच नेला. असो. तो विषय आज नको.

तो गेल्यावर आठव्या दिवशी पाळकसाहेबांच्या बाई आणि देवळातल्या बायका घरी आल्या होत्या. त्या दिवशी मी काहीतरी बोलले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू नव्हतीस. काय बोलले ते मला नीट आठवत नाही. माझ्या तोंडाचा पट्टा तुला माहीत आहे. जे काही होतं ते पोटात घाल.

मी तुला भेटायला येऊ का? शनिवारी दुकान बंद ठेवीन. बसने चार तास, खिडकीची जागा धरून येईन. मोठं पत्र लिहायला नको. कार्डावर नुसतं "या" लिहून टाक. एकच तर अक्षर आहे.

तुझी सासू


सोमवार, १९ तारीख

मुंगे,

उत्तर नाही. पोस्टमन समोरून जाताना लांबूनच मान हलवतो. मी त्याला म्हटलं, "तू पत्र नाही आणलंस तर नाही आणलंस, निदान मान तरी उभी हलव." तोही हसला. पण पत्र काही नाही.

मागच्या पत्रात मी "एकच तर अक्षर आहे" असं लिहिलं. पाकीट पेटीत पडलं आणि ते वाक्य मला ऐकू आलं. तुझ्या कानाने ऐकू आलं. पेटीत हात घालून बघितला, पण पेटीचं तोंड बारीक. माझं तसं असतं तर बरं झालं असतं.

आणि काय बोलले ते आठवत नाही, हे खोटं. शब्दन् शब्द आठवतोय.

बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. तू चहा देत होतीस. पाळकबाई म्हणाल्या, "किती शांत आहे ही! डोळ्यात पाणी कसं नाही?" त्या बोलण्यात काटा होता, आणि मला तो मोडायचा होता. खरं सांगते, मी तुझ्या बाजूने तोंड उघडलं होतं. आणि निघालं काय, तर "रडेल हो. तिचं सगळं हळूहळू असतं. एकेक अक्षर लावत रडेल."

दोघी-तिघी हसल्या. नवऱ्याला माती देऊन आठ दिवस झालेल्या बाईच्या तोंडावर हसल्या. तू कपबशा गोळा केल्यास, विसळल्यास, फडक्यावर पालथ्या घातल्यास. एकही वाजली नाही. मी मनात म्हटलं, मुंगी आहे, मनावर घ्यायची नाही.

पण त्या एका वाक्याने तू गेली नाहीस, हे मला कळतं. ते वाक्य तीन वर्षं जुनं होतं. त्या वाक्याची आई म्हणजे ती मंगळवारची विनंती. आज ती लिहिते. तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण मी ती आजपर्यंत कबूल केलेली नाही.

तू आपल्या घरात आलीस तेव्हा मी तुला रविवारी देवळात शेजारी बसवायचे. तुझ्या माहेरी देवळाची वाट कुणाला ठाऊक नव्हती, आणि पोरींना शाळेचीही नाही. पण तू गाण्याचं पुस्तक छान दोन हातांत धरायचीस. एकदा मला शंका आली. मी मुद्दाम एक पान पुढे उलटलं. तूही उलटलंस. मी दोन पानं मागे आले. तूही मागे आलीस. गाणं भलतंच चाललं होतं, आणि तू माझ्या बोटांकडे बघत होतीस.

मी तेव्हा हसले नाही, मुंगे. हसायची एवढी मोठी संधी मी जन्मात एकदाच सोडली. घरी आल्यावर गाण्याचं पुस्तक खळीच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि म्हटलं, "चल, कॉलर दाबता दाबता एक ओळ होऊन जाऊ दे." आठ महिने लागले. शर्टाला वाफ यायची आणि तू ओळ लावायचीस. तू म्हणाली होतीस, "आई, तुम्ही मला एकदाही ओरडला नाहीत." त्याच वर्षी तू बाप्तिस्मा मागितलास. पाळकसाहेबांनी विचारलं, "तुला का यावंसं वाटतं आमच्यात?" तू म्हणालीस, "आई माझ्याशी जशा बोलतात, त्यावरून." त्यांनी ते उपदेशात सांगितलं. महिनाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

मग त्यांनी रविवारी देवळात सगळ्यांसमोर वाचायचा शास्त्रपाठ तुला दिला.

मंगळवारी बायकांची प्रार्थनासभा. जिला जे मागायचं ते तिने उभं राहून मोठ्याने मागायचं. माझी पाळी आली की बायका आधीच ओठ दाबून बसतात. आदल्या महिन्यात मी मागितलं होतं, "प्रभू, पाळकसाहेबांचा उपदेश तुझ्या दयेसारखा आहे, त्याला अंतच नाही. त्यातला थोडा आमच्यासाठी कमी कर." पाळकबाईसुद्धा हसल्या होत्या. तशी माझी ख्याती.

त्या मंगळवारी मी उभी राहिले. डोळे मिटले. म्हटलं, "प्रभू, येत्या रविवारी माझी सून वाचणार आहे. वर्षापूर्वी हिला अक्षर येत नव्हतं. मी पानं पुढेमागे करून पकडलं हिला. आता वाचते, पण तिची एक ओळ होईस्तोवर माझा एक शर्ट होतो. तेव्हा तिला जीभ दे, आणि आम्हाला उशा दे."

बायका अशा हसल्या की "आमेन" कुणाला धड म्हणता आलं नाही.

तुला अक्षर येत नव्हतं हे तोवर तिघांनाच माहीत होतं. तू, मी आणि भोंग्या. आणि तू दारात होतीस. मी आजवर स्वतःला सांगत आले की तू तेव्हा आली नव्हतीस. पण मी डोळे उघडले तेव्हा चहाची किटली उंबऱ्यात ठेवलेली होती आणि तू नव्हतीस.

रविवारी तू पुढे गेलीस. तीन ओळी वाचल्यास. चांगल्या वाचल्यास. चौथ्या ओळीत त्या जुन्या गावाचं लांबलचक नाव आलं, ज्याला पाळकसाहेबही दरवर्षी अडखळतात. तू थांबलीस. बायकांच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, "उशा आणा गं." एक हसली, मग दुसरी, मग सगळा बाक. पुरुषांना माहीत नव्हतं कशाला हसायचं, तरी तेही हसले. मग देवळाचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळातले ते रिटायर मास्तर उठले, तुझ्या हाताखालून पुस्तक ओढून घेतलं आणि म्हणाले, "बस, बाळ. देवाचं वचन आहे हे, खेळ नाही." आणि एका दमात वाचून मोकळे झाले.

तू येऊन माझ्या शेजारी बसलीस. मी काय केलं? मी रुमाल तोंडावर धरला. तुला वाटलं असेल मी रडतेय. मी हसत होते गं. सगळ्यांचं बघून मलाही आवरलं नाही.

घरी आल्यावर तू पुस्तक फळीवर ठेवलंस. पुढे ते कधी खाली आलं नाही.

आज एवढंच. मी येऊ का, ते आज विचारत नाही.

सासू


बुधवार, २८ तारीख

मुंगे,

काल मंगळवार होता. मी सभेला गेले आणि उभी राहिले. बायकांनी ओठ दाबले. मी डोळे उघडेच ठेवले. म्हटलं, "आज मला देवाशी बोलायचं नाही, तुमच्याशी बोलायचंय. तीन वर्षांपूर्वी मी इथे माझ्या सुनेची अब्रू काढली आणि त्याला प्रार्थना म्हटलं. डोळे मिटून मारला म्हणून टोमण्याची प्रार्थना होत नाही. तुम्ही हसलात, पण हसवलं मी."

काही जणींना वाटलं, पुढे गंमत येणार. त्या थोडा वेळ तशाच चेहऱ्याने बसून राहिल्या.

मग पाळकबाई म्हणाल्या, "अहो, आपण प्रेमाने हसतो. घरातलं माणूस म्हणून हसतो."

शिंपीणबाई म्हणाली, "जरा जास्तच मनाला लावून घेतलंन तिने. आम्हाला का कुणी बोललं नाही कधी?"

आणि कोपऱ्यातून कुणीतरी, आवाजावरून मास्तरांची बायको असावी, म्हणाली, "एवढ्याशाने ज्याचा विश्वास डळमळतो, त्याचा मुळात विश्वासच नव्हता म्हणायचं."

मला उत्तर सुचलं होतं. चांगलं झणझणीत सुचलं होतं, त्या बाईच्या दातांवरून. मी गिळलं. कारण तो सूर माझाच होता, मुंगे. वीस वर्षं दर मंगळवारी मीच त्यांना तो शिकवला. आता त्या माझ्यापेक्षा बऱ्या गातात.

सभा संपल्यावर भांडी घासणारी ती लठ्ठ बाई, जिच्याशी मी कधी धड बोललेही नाही, माझ्यामागे फाटकापर्यंत आली. म्हणाली, "मी तेव्हा हसले होते. तिला सांगा." आणि परत गेली. तिचा निरोप दिला.

अजून एक निरोप आहे, तो तीन वर्षं माझ्याकडे पडून आहे. त्या रविवारी तू पुढे निघून गेलीस, तेव्हा घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याने मला थांबवलं. त्याला कमी ऐकू येतं, ठाऊक आहे ना. म्हणाला, "तुझ्या सुनेला सांग, आज पहिल्यांदा मला शास्त्रपाठ कळला. बाकीचे सगळे पळतात. ही एकेक शब्द हातात देते. पुढल्या वेळी पूर्ण वाच म्हणावं."

मी तुला सांगितलं नाही. घरापर्यंत जिभेवर होतं. तू चूल पेटवत होतीस, पाठमोरी. सांगितलं असतं तर आधी सकाळचा विषय निघाला असता, आणि सकाळचा निघाला की मंगळवारचा. म्हणून म्हटलं, उद्या सांगू. मग उद्या, मग परवा. वाईट शब्द मी भर सभेत उभं राहून वाटला, आणि चांगला होता तो घरात आणायला मला लाज वाटली.

आज त्या म्हाताऱ्याकडे गेले. म्हटलं, तूच एक ओळ लिहून दे. आता त्याला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मी कानात ओरडले, "माझी सून! तिने वाचलं होतं!" तो म्हणाला, "कोण सून? तुला सून आहे?" आणि मला बिस्किट दिलं.

म्हणजे आता तो निरोप त्याच्याकडेही राहिला नाही. माझ्याकडेच आहे फक्त. तो घे. उशीर झालाय, पण शब्द त्याचेच आहेत, मी मीठमसाला लावलेला नाही.

सासू


शनिवार, ८ तारीख

मुंगे,

या पाकिटात माझ्या पत्राखेरीज आणखी कागद आहेत. दुकानातल्या फळीवर, चादरींच्या मागे, तू ठेवले होतेस ते. आपल्याच दुकानाच्या चिठ्ठ्या, मागच्या कोऱ्या बाजूला भोंग्याने लिहिलेल्या. पांढऱ्या दोऱ्यात बांधलेल्या. पांढरा दोरा कुठल्याच गिऱ्हाइकाचा नव्हता, एवढं मला कळत होतं.

मी दोरा सोडला. सगळे वाचले. तुझे होते, मी वाचायला नको होते. वाचले.

आता दवाखान्याचं लिहिते. हे लिहायला मला तीन दिवस लागले, मध्येच उठून शर्टांना इस्त्री करत बसत होते.

ऑपरेशननंतर भोंग्याच्या गळ्याला नळी होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, बोलायचं नाही, लिहून दाखवायचं. चार ते सहा आपल्याला आत सोडायचे. पहिल्या दिवशी तू उजवीकडे उभी, मी डावीकडे स्टुलावर संत्र सोलत. त्याने चिठ्ठी लिहून तुला दिली. तू बघितलीस, हसलीस, मान हलवलीस, घडी करून खिशात ठेवलीस आणि पेल्यात पाणी ओतून त्याच्यापुढे धरलंस. त्याने तुझ्याकडे बघितलं. मग प्यायला, घोटाघोटाला तोंड वेडंवाकडं करत.

तुझ्या खांद्यावरून मला ती चिठ्ठी दिसली होती. त्यावर होतं, "पाणी नको. जवळ बस."

मला तिथेच कळलं. तू वाचायचं सोडलंस, एवढंच मला ठाऊक होतं. पण जे येत होतं तेही तू तीन वर्षांत पुरून टाकलंस, आणि कुणासमोर अडखळण्यापेक्षा नुसती मान हलवायला शिकलीस, हे तेव्हा कळलं. त्याला नव्हतं माहीत. त्याच्या लेखी तू छान वाचत होतीस. तो रविवार त्याने पाहिलाच नव्हता, पंपघरावर पाळी होती त्याची. आपण दोघींनी त्याला कधी सांगितलंही नाही.

मी म्हणायला हवं होतं, "अगं, बस म्हणतोय तो." चार शब्द. माझ्या तोंडातून दिवसाला चार हजार जातात. पण मी म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, हिला वाचता येत नाही का आता? का येत नाही? आणि मग मला माझं नाव सांगावं लागलं असतं, माझ्या मुलाला, तो तसा पडलेला असताना. म्हणून मी संत्र्याच्या शिरा काढत बसले. इतक्या काढल्या की फोड फुटली.

बावीस दिवस तो लिहीत होता. तू मान हलवत होतीस. सगळ्या चिठ्ठ्यांना एकच हसू.

आता सगळ्यात वाईट लिहिते. आठव्या दिवशी तू औषध आणायला खाली गेलीस. त्याने मला चिठ्ठी दिली. ती या गठ्ठ्यात नव्हती, माझ्याकडे होती, आता वर ठेवलीय. "ती माझ्यावर रागावलीय का? काही विचारलं तर उत्तरच देत नाही. नुसती हसते."

आणि मी, त्याची आई, म्हणाले, "बायको हसते म्हणून तक्रार करणारा तू जगातला पहिलाच नवरा!"

त्याच्या गळ्यातून हसू येत नव्हतं, पण खांदे हलले. मला वाटलं, चला, पोराला हसवलं. मी त्या आनंदात घरी आले. भाकरीचे दोन घास जास्तच खाल्ले असतील. त्यानंतर तो चौदा दिवस जगला आणि त्याने मला पुन्हा ते विचारलं नाही.

तू रागावली नव्हतीस. ते मला माहीत होतं, तुला माहीत होतं. ज्याला कळायला हवं होतं त्याला सांगायला मी एकटीच होते.

एक गोष्ट मात्र बघ. शेवटच्या चार चिठ्ठ्यांवर अक्षरं मोठी आहेत. सुटी सुटी. एका चिठ्ठीवर तीन-तीनच शब्द, आणि सगळे सोपे. हाताला कंप होता म्हणून तसं झालं असेल. किंवा त्याला समजलं असेल, कुणी न सांगता. मला ठरवता येत नाही. मी ते कागद उजेडात धरून बघितले, पाठीमागून बघितले. तो तुला माझ्यापेक्षा जास्त बघायचा, एवढं खरं. तू ठरव.

त्यांत काय लिहिलंय ते मी सांगणार नाही. वाचून दाखवायलाही येणार नाही. तू वाच. दुपारी घर रिकामं असेल तेव्हा बस. शब्दाखाली बोट ठेव. अडलीस तर थांब, वाटेल तेवढी थांब. तिथे कुणी हसणार नाही. मी नाहीये तिथे.

वाचून झालं की मला एक ओळ टाक. ये म्हण, नको म्हण, शिवी दे. मी पिशवी भरून ठेवलीय, दोन कपडे आणि भोंग्याचा कोट. तू बोलावलंस तर पहिल्या बसने निघेन.

सासू


गुरुवार, २७ तारीख

मुंगे,

तुझं कार्ड आज आलं. उघडं कार्ड, त्यामुळे पोस्टमनने वाटेतच वाचलं होतं. रोज दुकानाबाहेरून हाक मारणारा माणूस आज आत आला, कार्ड टेबलावर उलटं ठेवलं आणि प्यायला पाणी मागितलं. मी दिलं. तो पाणी पिऊन गेला.

मी कार्ड सुलटं केलं. तुझा हात मी ओळखला. ओळ थोडी वर चढते तुझी, आधीपासून.

तू लिहिलंयस,

"कागद मिळाले. सगळे वाचले. अकरा दिवस लागले. मी रागावले नाही हे त्यांना सांगायला कुणीतरी हवं होतं. तुम्ही तिथे होतात. येऊ नका."

मी पाच-सहा वेळा वाचलं. इस्त्री हातातच होती, ती कुठे टेकवली ते कळलं नाही. दातांच्या डॉक्टरच्या शर्टाच्या पाठीवर पानाएवढा तपकिरी डाग पडला. वास आला तेव्हा उचलली. डॉक्टर आले, त्यांना शर्ट दाखवला. ते म्हणाले, "असू दे, वर कोट घालतो मी." मी शर्टाची घडी करून दिली. ते दारात दोनदा मागे वळून बघत गेले, मी बरी आहे ना म्हणून.

पिशवी रिकामी केली. कोट परत खुंटीवर लावला. तुला हवा असेल तर कुणालातरी पाठव, मी देईन, काही विचारणार नाही.

परवाच्या सभेत पाळकबाईंनी विचारलं, "सून परत यावी म्हणून सगळ्या मिळून मागू या का?" चांगल्या मनाने विचारलं त्यांनी, आवाजही हळू होता. मी म्हटलं, "नको. तिचं नाव इथे घेऊ नका." मग माझी पाळी आली. मी उभी राहिले. सगळ्या वाट बघत होत्या. मी म्हटलं, "माझी काही विनंती नाही," आणि खाली बसले.

इथे मी एक गमतीचं लिहिलं होतं, पोस्टमनच्या मिशांवरून. खोडलंय. नीट खोडलंय, खालचं दिसणार नाही.

तू लिहिलंस ते खरं आहे, मुंगे. एकही शब्द जास्त नाही. मी तिथे होते.

येत नाही.